पुंजाजीच्या नावानं

शिरपूर जैन
११ फेब्रुवारी २०२५

चि. तनू,

मामाचा नमस्कार. भाचीला आशीर्वाद देण्याआधी मामानं तिच्या पाया पडायचं ही आपल्याकडची रीत, कागदावर ती एवढीच पाळता येते.

पत्र पाहून दचकली असशील. तुझ्याच पोस्टात येऊन पडणार, म्हणजे शिक्का मारशील तूच आणि फोडशीलही तूच. फोन बंद करून मामीच्या पेटीत लुगड्यांखाली ठेवून दिला आहे. पुन्हा हातात घ्यायची इच्छा नाही. का ते तुला लिहितो, कारण तुझ्या आईला सांगायला माझी जीभ रेटत नाही. थोरला भाऊ ना मी तिचा.

मागच्या गुरुवारी वांग्याला पाणी देत होतो. फोन वाजला आणि लग्नाची पत्रिका आली. नंबर ओळखीचा नव्हता. वर गणपती, खाली ‘सहकुटुंब यावे’. आता मला सांग, कोणी आठवणीनं लग्नाला बोलावलं आणि आपण पत्रिका उघडूनसुद्धा पाहिली नाही, तर त्याला काय वाटेल? भाजीच्या धंद्यात अर्धा जिल्हा ओळखीचा. वाटलं, एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरचं कार्य असेल. उघडली. मग त्या पत्रिकेनं काहीबाही विचारलं, हे चालू करू का, ते पाहू का. मी नीट वाचलं नाही, हो हो म्हणत गेलो. लग्नघरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

पत्रिका काही दिसलीच नाही. म्हणजे लग्न कोणाचं, कुठं, कधी, कशाचा पत्ता नाही. तुझी मामी म्हणाली, आहेर तर आणून ठेवू. टॉवेल-टोपी आणि एक पातळ आणलं. दोन दिवस मी भाजीबाजारात एकेकाला विचारत हिंडलो, तुमच्याकडं लग्न आहे का म्हणून. लोक हसत होते, मीही हसत होतो.

तोवर तिकडं दुसराच कोणीतरी पुंजाजी होऊन बसला होता. माझ्या फोनवरून, माझ्या नावानं, माझ्या फोटोसकट सगळ्या सोयऱ्यांना तीच पत्रिका गेली. मागून मेसेज गेला की मी दवाखान्यात आहे, पैशाची नड आहे, या नंबरवर पाठवा, फोन करू नका, मला बोलता येत नाही. माझ्या खात्यात होतं तेही त्यानं नेलं, पण त्याचं एवढं नाही, भाजी पुन्हा उगवेल. लोकांनी दिले, तनू. शेलूबाजारच्या हेमसिंगनं दिले, ज्याच्या दुकानात मी इतकी वर्षं माल घालतो. गंगूनं दिले. ती बिचारी सकाळी माझ्याकडून मेथीच्या, सांभाराच्या जुड्या घेते आणि दारोदार विकते. आणखी कोणी दिले ते मी विचारलंच नाही. विचारायला तोंड नाही.

आता दोन गोष्टी. तुला तो मेसेज आला असेल तर खरं सांग, तू काही पाठवलंस का. तुझं लग्न तोंडावर आहे. त्यासाठी साठवलेल्यातलं काही माझ्यापायी गेलं असेल तर मला झोप लागायची नाही. आणि दुसरं, बोहल्यावर तुझ्या मागं मामा म्हणून मी उभा राहणार नाही. समोर मांडवात हीच सगळी माणसं बसलेली असणार. त्यांच्यापुढं फेटा बांधून उभं राहणं मला जमायचं नाही. तुझ्या आईचा चुलतभाऊ रामराव आहे. भला माणूस आहे, उंच आहे, फोटोतही चांगला दिसेल.

मामी म्हणाली, असं लिहू नका. पण लिहिलं.

तुझा
पुंजाजी मामा


कामरगाव
१७ फेब्रुवारी २०२५

मामा,

शिक्का मीच मारला. फोडायला मात्र घरी आणलं, कारण खेड्यातल्या पोस्टात मी एकटीच. पोस्टमास्तरीण काम सोडून पत्र वाचत बसली, ही बातमी माझ्याआधी घरी पोचली असती.

आधी तुमच्या झोपेचं बघू. मेसेज आला होता. मी एक पैसा पाठवला नाही. वाचल्याबरोबर ओळखलं की हे आमचे मामा नव्हेत. ज्या माणसानं जन्मात कोणाला पाण्याचा पेला मागितला नाही, तो पैसे मागेल? तुमच्या पायात काटा मोडला तर तुम्ही चपलेलासुद्धा कळू देत नाही. तेव्हा निर्धास्त झोपा.

पण फोन लुगड्यांखाली ठेवून काही होणार नाही. तो गप्प बसला तरी तुमचं नाव घेऊन कोणीतरी हिंडतोच आहे. उद्याच्या उद्या बँकेत जाऊन खातं थांबवायला सांगा. कोणाच्याही फोनवरून १९३० ला फोन लावा, ही असल्या फसवणुकीची तक्रार घ्यायची सरकारी जागा आहे. जितकं लवकर सांगू तितके गेलेले पैसे मधेच अडवता येतात. मग शिरपूरच्या ठाण्यात जाऊन सगळं लिहून द्या, आणि लाजू नका, त्यांच्याकडं रोज कोणीतरी असंच सांगायला येत असतं. फोन दुकानात नेऊन पार कोरा करून घ्या, आणि व्हॉट्सअॅपला आणखी एक कुलूप लावायचं असतं ते दुकानदाराकडून लावून घ्या. त्याचा आकडा तुमच्या डोक्यात ठेवा, त्याच्या नाही. यापुढं एवढं लक्षात असू द्या की खरी पत्रिका फोटोसारखी समोर दिसते. जी म्हणते आधी मला घरात घ्या, मग तोंड दाखवते, ती पत्रिका नव्हे.

आता माझ्या लग्नाचं. रामराव मामा उंच आहेत हे कबूल. पण मला फोटोसाठी मामा नको आहे. बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते, तेव्हापासून आमच्या घरात मामा या शब्दाचा एकच अर्थ आहे.

आणि तुम्हाला एक कामही आहे. आपल्याकडं लग्नाचं बोलावणं नुसतं धाडत नाहीत. अक्षता घेऊन घरी जायचं, कुंकू लावायचं, बसून चहा घ्यायचा, तेव्हा ते बोलावणं. तुमच्या बाजूची घरं मामानंच करायची असतात. पत्रिका छापून आल्या की गठ्ठा जीपवाल्याकडं देते. सगळ्यांत वर हेमसिंग काकांची असेल, तिच्याखाली गंगूबाईंची.

मामीला सांगा, ते पातळ परत करू नका. आईला चालेल.

तुमची
तनू


शिरपूर जैन
३ मार्च २०२५

चि. तनू,

तू सांगितलेलं सगळं केलं. बँकेत गेलो, १९३० ला सांगितलं, ठाण्यात लिहून दिलं. तिथल्या साहेबांनी हसण्याऐवजी चहा पाजला. फोन कोरा झाला, कुलूपही लागलं. गठ्ठा मिळाला. देवघरात ठेवला आहे. तो वाटायचं माझ्यानं होणार नाही, तुझ्या आईनं कोणाला तरी पाठवावं.

एक प्रकार घडला तो सांगतो. परवा फोन आला. माणूस फार अदबीनं बोलत होता. म्हणाला, मोठ्या ऑफिसातून बोलतो, तुमची तक्रार आमच्यापर्यंत आली, तुमच्या नावानं ज्यांचे ज्यांचे पैसे गेले त्या सगळ्यांचे आजच परत करायचे आहेत. तुम्हाला एक आकडा येईल तेवढा सांगा. तनू, तो माझे पैसे देतो म्हणाला असता तर मी फोन ठेवून दिला असता. पण तो सगळ्यांचे म्हणाला. माझ्या डोळ्यांपुढं गंगू आली. आकडा आला आणि मी तो सांगायला तोंड उघडलंही.

फोनचा आवाज मोठा होता आणि तुझी मामी शेजारीच ताज्या कोथिंबिरीच्या सांभारवड्या तळत होती. पीठ लागलेल्या हातानं तिनं फोन घेतला आणि म्हणाली, “सायेब, पैशेच द्याचे हायेत तं घरी येऊन द्या ना. आज सांभारवड्या केल्या, जेवूनच जा.”

तो म्हणाला घरी येता येत नाही, आकडा सांगा. मामी म्हणाली, “मंग काहून गोड बोलून राह्यले? ज्याले आमच्या घरचं पाणी चालत नाई त्याले आमचा आकडा कायले?”

त्यानं फोन ठेवला. मामी पुन्हा कढईपाशी जाऊन बसली. इतकी वर्षं ही बाई माझ्या घरात आहे, मी तिला कधी धन्यवाद म्हटलं नव्हतं, त्या दिवशी म्हटलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि विचारलं, “ताप गिप आला का तुमाले?”

ठाण्यात हाही नंबर देऊन आलो.

तुझा
मामा


कामरगाव
८ मार्च २०२५

मामा,

मामीला माझा साष्टांग नमस्कार सांगा. पोस्टात येणाऱ्या बायांना मी मामीची गोष्ट सांगितली. आता त्या म्हणतात, फोनवाल्याला आधी जेवायला बोलवायचं.

गठ्ठा देवघरात ठेवायला पाठवला नव्हता. माझं लग्न आहे हे देवाला माहीत आहे.

तुमची दोन्ही पत्रं आईला वाचून दाखवली, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. ती तुमच्यावर रागावली नाही, पण बोहल्यावर उभं न राहण्याचं ऐकून उठून गेली. थोड्या वेळानं येऊन म्हणाली, “लिही तुह्या मामाले. माह्या पोरीच्या मांगं थो उभा नाई राह्यला तं मीबी मांडवात पाय ठेवत नाई.” मी जसंच्या तसं लिहिलं आहे. ती खरंच ठेवणार नाही, तुमचीच बहीण आहे.

हेमसिंग काकांकडं जाऊन या, मामा. पुढचं पुढं पाहू. एवढंच ऐका.

तनू


शिरपूर जैन
२४ मार्च २०२५

चि. तनू,

गेलो. म्हणजे मला नेलं. तुझ्या मामीनं सकाळी नवं लुगडं नेसून अक्षतांचा डबा पिशवीत घातला आणि गठ्ठा काखेत मारून बाहेर पडली. मला म्हणाली, तुम्ही नका येऊ, मी मामा म्हणून जाते. मग काय करतो, चपला घातल्या आणि मागं गेलो.

आधी गंगूकडं, जवळ म्हणून. ती अंगणात सडा टाकत होती. मी काही बोलण्याआधीच तिनं हात पुसून कुंकू लावून घेतलं आणि विचारलं, तब्येत कशी आहे. मी म्हटलं, मी आजारी नव्हतोच, ते सगळं खोटं होतं. ती म्हणाली, “ठावं हाये मले. पण थ्या दिवशी देवाले नारळ बोलली होती तुमच्यासाठी, थो कालच फोडून टाकला. आजारी नव्हते थे तं अजूनच बरं.” तिनं आत जाऊन त्या नारळाचा उरलेला तुकडा आणून माझ्या हातावर ठेवला. मी तो खात खात बसस्टँडपर्यंत आलो.

शेलूबाजारला हेमसिंग दुकानातच होता. पत्रिका दिली, कुंकू लावलं. त्यानं चहा मागवला. मी म्हटलं, हेमसिंग, तुझे पैसे मी थोडे थोडे करून फेडीन, माझ्या मालातून कापत जा. तर तो हिशोब करत होता ती पेन्सिल त्यानं खाली ठेवली. तनू, त्याचं बोलणं मी तुला जसंच्या तसं लिहितो, कारण मला ते पाठ झालं आहे.

“पुंजाजीभाऊ, तुह्या नावानं मांगतले म्हणून देले. दुसऱ्याच्या नावानं मांगतले असते तं मी दहा सवाल केले असते. आता चोरानं पैशे नेले, थे काई अडकले, काई जातीन. पण तुहं नाव कुठी नेलं त्यानं? थे तं आमच्यापाशीच हाये.”

दीड महिना गंगूला जुड्या मामीच देत होती आणि मी भाजी फक्त जवळच्या हाटात विकत होतो, तीही मान खाली घालून. मला वाटत होतं लोक मला फसवणारा म्हणत असतील. आणि हे लोक माझ्यासाठी नारळ फोडत होते. एवढं मी कोणासाठी काय केलं म्हणून? नवस मी बोललो नाही कधी, दुसऱ्यासाठी तर नाहीच. मी त्या सगळ्यांचा फार ऋणी आहे, आणि हे ऋण पैशाचं नाही म्हणून ते मालातून कापता येत नाही.

आता तुझ्याकडं वळतो. चहा पिताना हेमसिंग सहज म्हणाला, “पोरगी लय रडत होती हो फोनवर. म्हणे, काका, मी तं पाठवून बसली, तुमी नका पाठवू. पण तवरिक माहे पैशेबी गेले होते. तिनंच मले थो १९३० नंबर देला.”

मी विचारलं कोण पोरगी. तो म्हणाला तुमची तनुजा.

कांद्याच्या पोत्यावर बसलो होतो, तिथंच बसून राहिलो. मामीनं उरलेल्या पत्रिका एकटीनं वाटल्या.

तू मला खोटं लिहिलंस. चांगलं लिहिलंस, मला झोपही लागली. किती गेले ते विचारत नाही. पण तू रोज पोस्टात बसून म्हाताऱ्या माणसांना सांगतेस की पैसे मागणारा मेसेज आला तर आधी आवाज ऐका, मग पुढचं. मग तू का पाठवलेस? तेवढं खरं लिही. मांडवात उभं राहण्याचं मी त्यानंतर सांगतो.

मामा


कामरगाव
३० मार्च २०२५, पाडवा

मामा,

गुढी उभारली, आईनं पुरण घातलं आहे, आणि मी मागच्या खोलीत बसून लिहिते आहे.

खोटं लिहिलं, कारण तुमच्या पत्रात तुमची लाज इतकी दिसत होती की माझी तिच्यात मिसळायला नको वाटली. आणि माझीही होतीच. सगळ्या गावाला सावध करणारी पोस्टमास्तरीण स्वतः फसली, हे ज्याच्याशी लग्न करते आहे त्या हर्षललाही मी सांगितलं नव्हतं. परवा सांगितलं. लग्न करायचं तर हेही माहीत असावं म्हणून. तो हसला नाही. म्हणाला, त्याच्या वडिलांचा फोनही आता जरा नीट बघून घेऊ. मला त्याचं बरं वाटलं.

आता का ते. मी तुम्हाला लिहिलं होतं ना, तुम्ही कधी मागत नाही म्हणून मी ओळखलं. ते उलटं आहे. तुम्ही कधी मागत नाही म्हणूनच मी पाठवले. वाटलं, मामा मागताहेत म्हणजे जिवावरचंच असणार. फोन लावून आवाज ऐकायचं मला पक्कं माहीत होतं. पण बोलता येत नाही असं त्यात होतं, आणि तुम्ही नाकात नळी घालून पडलेले दिसायला लागले. हात थांबला नाही.

आणि आणखी एक, ते लिहायला पाडव्याचा दिवस बरा. पाठवताना मला घाबरायला झालं होतं, पण आत कुठंतरी आनंदही झाला होता. बाबा गेल्यावर दर आठवड्याला पहिल्या गाडीनं तुम्ही भाजीची पिशवी घेऊन यायचे. म्हणायचे, बाजारात उरली ती आणली. मामा, त्या मेथीवर दव असायचं. बाजारात उरलेल्या भाजीवर दव असतं का? आईला कळायचं, मला कळायचं, आणि तुम्हाला वाटायचं कोणाला कळत नाही. माझी फी, हॉस्टेल, सायकल, सगळं तुम्ही असंच उरलेलं म्हणून दिलं. आम्हाला आभार मानायलासुद्धा जागा ठेवली नाही. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं, आता मामांच्या काही कामी येता येईल. ते खोटं निघालं याचं पैशापेक्षा जास्त वाईट वाटलं.

माझे बरेचसे पैसे मधेच अडवले गेले आहेत, मिळतील असं कळवलं आहे. तेव्हा तो विषय संपला.

आभार मानते, मामा. दव असलेल्या सगळ्या भाजीचे. आता ते तुम्हाला ऐकावेच लागतील, पत्र आहे, मधेच उठून वावरात जाता येणार नाही.

मांडवात उभे राहणार ना?

तनू


शिरपूर जैन
९ एप्रिल २०२५

चि. तनू,

उभा राहीन. फेटाही बांधीन. रामरावला सांगितलं, तो म्हणाला, मीच उभा राहीन हे त्याला आधीपासूनच ठाऊक होतं.

तुझं पत्र वाचून मधेच उठून वावरात गेलो. परत येऊन पुढचं वाचलं.

तू खरं लिहिलंस, आता माझं ऐक. मी तुला कळवलं होतं की पत्रिकेला हो हो म्हणत गेलो ते लग्नघरचा मान म्हणून. ते अर्धंच खरं आहे. मला ती अक्षरं दिसतच नव्हती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे, डाव्यानं कसंबसं भागवतो. तुझी पत्रं अंगणात उन्हात धरून वाचतो. मामीला वाटतं चष्मा बदलायचा आहे. कोणालाच सांगितलं नाही, कारण सांगितलं की कोणाला तरी मला वाशीमला न्यावं लागेल, कोणाला तरी शेताचं ओलित पाहावं लागेल, म्हणजे मागावं लागेल. माझ्या नावावर चोरानं एवढं कमावलं, त्यात त्याची हुशारी किती आणि माझं हे न मागणं किती, याचा विचार मी चार दिवस केला. अधूनमधून मागणारा माणूस असतो तर तुम्ही सगळ्यांनी निदान विचारलं असतं, आता काय झालं म्हणून.

तेव्हा सुरुवात केली आहे. काल गंगूच्या घरी जाऊन म्हटलं, माझ्या वांग्यांचं पाणी चार दिवस पाहाल का. तिचा मुलगा हो म्हणाला. हेमसिंगला म्हटलं, ऑपरेशनच्या दिवशी गाडी पाठव. तो इतका खूश झाला की मलाच अवघडल्यासारखं झालं.

आता तुझी पाळी. वाशीमच्या दवाखान्यात माझ्यासोबत तू चल. हे मीच लिहितो आहे. खात्री हवी तर मामीच्या फोनवर माझा आवाज ऐक, मग ये.

लग्नाआधी हे व्हायला हवं, तनू. बोहल्यावर मामा पोरीच्या मागं उभा असतो, त्याला तिची पाठच दिसते. पण अंतरपाट निघाल्यावर तू एकदा मागं वळशील. तेव्हा मला तुझा चेहरा नीट दिसला पाहिजे.

तुझा
पुंजाजी मामा